घडीवाल्याच्या पिक्चरचा राहिलेला शेवट

वैनी,

परवा तुझ्या तेरवीला मी एक पिक्चर सांगितला. चारचौघींत बसून, आयुष्यात पहिल्यांदा. तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस, कारण मला पिक्चर सांगता येत नाही हे तुझं पक्कं मत होतं. "नलू, तू पिक्चर नाई सांगत वं, तू पेपर तपासतं," असं म्हणायचीस. ते खोटं नाही. बारा वर्षं अमरावतीच्या शाळेत लाल पेन हातात धरून बसलेली बाई मी. कोणी काही सांगायला लागलं की त्यातलं काय चुकलं तेवढंच मला आधी दिसतं. या खोडीपायी मी एकदा तुझं फार मोठं नुकसान केलं आणि त्याची माफी मागायची राहून गेली. तू अकरा दिवस दवाखान्यात होतीस, मी अकराही दिवस तुझ्या उशाशी होते, तरी तोंडातून शब्द निघाला नाही. म्हणून आता लिहिते आहे. तुला वाचण्यापेक्षा ऐकायला आवडायचं, तेव्हा लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणतेही आहे. शेजारची म्हणत असेल, मास्तरणीचं डोकं फिरलं.

तू दादाची नवरी होऊन आलीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते. चांदूर बाजारजवळच्या आपल्या गावात तेव्हा पिक्चर म्हणजे वर्षातून एकदा पडद्यावर दाखवतात तो, तोही निम्मा लोकांच्या डोक्यांचा. आणि तू अकोल्याची, जुन्या शहरातली! पहिल्याच आठवड्यात तू मला जवळ बसवून सांगितलंस की तू दीडशे पिक्चर पाहिले आहेत. मी थक्क. मग हळूच म्हणालीस, "म्हंजे अर्धे अर्धे."

ते अर्ध्याचं गणित मला पुढे कळलं. तुमच्या गल्लीतली बिल्कीस खाला मोर्णा नदीच्या पलीकडच्या टॉकीजमध्ये बायकांच्या दारावर बसायची. तीनच्या खेळाला ती तुला फुकट आत सोडायची. पण तुझे बाबा जिनिंगमधून पाचला घरी यायचे आणि त्यांच्या हातात चहा तयार लागायचा. म्हणून मध्यंतराची बत्ती लागली की तू उठायचीस. दीडशे पिक्चर, आणि एकाचाही शेवट पाहिलेला नाही. पुलावरून घरी जाता जाता उरलेला अर्धा तू स्वतःच रचायचीस आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या पोरींना अख्खा पिक्चर ठासून सांगायचीस. बिल्कीस खालाला खरे शेवट पाठ. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "बेटा, तेरावाला अच्छा है. मालिक को बोलना पडेगा." हे सांगताना तुझा चेहरा असा फुलायचा की जणू मालकानं खरंच पिक्चर बदलला.

तुझ्या रचलेल्या अर्ध्यात कोणी मरत नसे. आजारी माणूस बरा व्हायचा, पुरात वाहून गेलेलं पोर पुढच्या गावच्या घाटाला लागायचं, फाशीच्या दोरापाशी कोणीतरी धावत यायचं. एकदा तर तू खलनायकालाही शेती घेऊन दिली होतीस. मी विचारलं तर म्हणालीस, "पोट भरलं की मानूस कायले गुंडगिरी करन?"

आपलं घरचं वावर तीन दिवसांत वेचून व्हायचं. मग तू बायकांच्या टोळीबरोबर दुसऱ्यांच्या कापसाला जायचीस. सुट्टीत मीही यायचे. तिथं मी तुझा खरा दरबार पाहिला. टोळीनं तुला कायम मधली ओळ दिलेली, म्हणजे दोन्ही बाजूंना आवाज जावा. सांगणाऱ्या बाईचे हात मंदावतात आणि वेचणी तर किलोवर, म्हणून डावीकडची आणि उजवीकडची आपल्या झोळीतला मूठमूठ कापूस अधूनमधून तुझ्या झोळीत टाकत जायची. कोणी ठरवलेलं नव्हतं. कोणी बोलूनही दाखवत नसे. संध्याकाळी काट्यावर तुझा कापूस सगळ्यांच्या बरोबरीनं भरायचा.

आणि गाणी! तुला गळा नव्हता, ते तुलाही माहीत होतं. गाण्याची जागा आली की तू फक्त म्हणायचीस, "इथं गानं हाय." मग अख्खी टोळी गप्प. गाण्याला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ नुसता कापूस वेचल्याचा आवाज. ज्या त्या बाईच्या डोक्यात जे ते गाणं. मग तू म्हणायचीस, "झालं गानं," आणि गोष्ट पुढे चालू. अमरावतीत मी पुढे चांगल्या टॉकीजमध्ये, चांगल्या आवाजात पुष्कळ गाणी ऐकली. तुझ्या त्या न गायलेल्या गाण्यांएवढं दुसऱ्या कशात मन लागलं नाही.

पिक्चरच्या जातींवर आपलं कधी पटलं नाही. तुला हरवलेल्या भावांचे पिक्चर सगळ्यात प्रिय, कारण ते अर्ध्यातून सोडले तरी पुढचं रचायला सोपे. मारधाड चालायची, पण हाणामारी सांगताना तू "मंग त्यानं त्याले बम हानलं" एवढ्यावर उरकायचीस. भुताच्या पिक्चरला तू हसायचीस. विनोदी पिक्चर मात्र तू टोळीत कधी सांगितला नाहीस. "हसू सांगता येत नाई वं. ज्यानं पायलं त्याचंच ते." हे मी आजपर्यंत कोणत्याही पुस्तकात वाचलेलं नाही, आणि हे शंभर टक्के खरं आहे.

मला आवडायचे ते रडके. शेवटी कोणीतरी जाणारच असे. तसा पिक्चर पाहून बाहेर आलं की छाती मोकळी होते, आणि जे खरं आहे ते कोणीतरी तोंडावर सांगितल्यासारखं वाटतं, असं माझं म्हणणं. तू म्हणायचीस, "रडाले पिक्चर कायले पायजे? घरी का कमी हाय?"

आठवतं का, एकदा दादाला मोझरीला समाधीच्या दर्शनाला जातो म्हणून सांगून आपण अमरावतीला उतरलो होतो? तुझा पहिला अख्खा पिक्चर. मध्यंतराला तू सवयीनं उठलीस, मी तुझा पदर धरून खाली बसवलं. शेवटी त्यातली म्हातारी आई गेली. मी मनसोक्त रडले. तू मात्र चिडून बाहेर आलीस. "मले कायले बसवलं? उठून आली असती तं बुढी जित्ती राह्यली असती."

"वैनी, पिक्चर तसाच हाय. आपून उठलो तरी ते मरतेच."

"तुयाजवळ मरते. मायाजवळ नाई मरत."

हे भांडण बसस्टँडपर्यंत पुरलं, आणि तिथून पुढे आयुष्यभर. घरी दादानं विचारलं, काय पाहिलं मोझरीला? तू त्याला समाधी, प्रार्थना, गर्दी, कुठल्याशा म्हाताऱ्या भजन्याचा थरथरता आवाज, सगळं असं सांगितलंस की दादानं हात जोडले. आणि तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही, मी जाऊन खरं सांगून टाकलं. दादा दोन दिवस तुझ्याशी बोलला नाही. तू मला एवढंच म्हणालीस, "तुया पोटात काहीच कसं टिकत नाई वं?" तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं.

नंतर ती वर्षं आली. कापूस उभाच्या उभा किडीनं खाल्ला, आणि त्यातून जो वाचला त्याला कोणी विचारेना. मी अमरावतीला कॉलेजात होते, दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. त्या हंगामात कौसल्या पहिल्यांदा टोळीत आली. आपल्या घरापासून चौथं घर तिचं. त्याआधी ती दुसऱ्याच्या वावरात कधी गेली नव्हती. श्रावणात तिच्या घरचा माणूस गेला होता. त्या वर्षांत आपल्याकडे कोणी कोणाला "कसा गेला" म्हणून विचारत नसे. वय विचारलं की कळायचं. गावात सरकारी जीप आली, पंचनाम्याचे कागद झाले, आणि दिवाळीनंतर ती कमरेला झोळी बांधून तुझ्या डाव्या हाताच्या ओळीला लागली. ती बोलत नव्हती. तुझ्या झोळीत मूठ मात्र न चुकता टाकायची.

आणि एक दिवस तीच बोलली. "तो घड्या दुरुस्त करनाराचा हाय ना, तो सांग ना वं."

तू थबकलीस. मला तेव्हा वाटलं, तुला आठवत नाही. खरं म्हणजे तो घड्याळं दुरुस्त करणारा घडीवाला शेवटी काय करतो हे तू ऐकून होतीस, आणि मीही तो जुना पिक्चर अमरावतीत पुन्हा लागला तेव्हा, सुट्टीच्या आदल्याच आठवड्यात पाहिला होता. पण कौसल्यानं इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काही मागितलं होतं. तिला नाही कोण म्हणणार? तू सुरू केलंस.

आणि काय सांगितलंस तू! डोंगरातलं गाव, चौकातलं बंद पडलेलं मोठं घड्याळ, ते चालू करणारा तो हसरा तरुण. चार जागी तू "इथं गानं हाय" म्हणालीस आणि चार वेळा सगळ्या गप्प राहिल्या. मग त्याच्यावर चोरीचा आळ आला. भर बाजारात लोकांनी त्याच्या डोक्यावरची टोपी काढली. त्यानं दुकानाचं दार आतून लावलं. समोर पेला ठेवला. इथं तुझा आवाज खाली गेला. मी शेजारच्याच ओळीत होते, तुझे हात थांबलेले मला दिसत होते. तू म्हणालीस, "त्यानं पेला उचलला. आता तोंडाले लावते, तेवढ्यात दाराची कडी वाजली..."

आणि मी म्हणाले, "वैनी, काहीच कडीगिडी नाई वाजत! खोटं काहून सांगतं? पेते तो, अन् मरते."

एकोणीस वर्षांची होते मी. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीला डोळे असतात. टोळीतल्या सगळ्या बायका मला न कळलेलं काहीतरी समजून तुझ्याबरोबर चालल्या होत्या. त्यांच्यातली एकही शाळेत सातवीच्या पुढे गेली नव्हती, आणि मी कॉलेजात शिकत होते.

कौसल्यानं कमरेची झोळी सोडली, कापूस चादरीवर ओतला, आणि बांधाच्या धुऱ्यावरून भर दुपारी सरळ गावाकडे चालू लागली. तू तिच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. रागावली नाहीस. "चला, हात चालवा," एवढंच म्हणालीस. ती ओळ आम्ही मुक्यानं संपवली.

त्यानंतर तू वावरात पिक्चर सांगितला नाहीस. त्या हंगामात नाही, पुढच्या नाही, कधीच नाही. बायकांनी गळ घातली, तू म्हणायचीस, आता आठवत नाही. तुला आठवत नाही! दीडशे पिक्चर आणि दीडशे तुझे शेवट. त्या संध्याकाळी तू मला भाकर वाढलीस, ठेच्यावर तेल जरा जास्तच घातलंस. तू दोन शिव्या हासडल्या असत्यास तर मी लगेच तुझे पाय धरले असते. तू काहीच बोलली नाहीस, म्हणून मग मीही स्वतःची समजूत घातली की मी काय चुकीचं बोलले, जे होतं तेच सांगितलं. पंधरा वर्षं त्या एका वाक्यावर काढली. वैनी, ते वाक्य मला आता गिळवत नाही.

दवाखान्यात पाचव्या की सहाव्या दिवशी तुला जरा बरं वाटत होतं. मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हटलं, "वैनी, त्या दिवशी वावरात..."

"राहू दे ते. पिक्चर सांग एखांदा."

मी सांगायला लागले. नुकताच पाहिलेला, रडका. तू डोळे मिटून ऐकत होतीस. मध्येच दोनदा हसलीस, हसण्यासारखं त्यात काही नसताना. निम्म्यावर आले तर तुझा डोळा लागला होता, आणि मला खरं सांगू का, हायसं वाटलं. कारण पुढे त्या पिक्चरमध्ये बाई मरत होती, आणि ते तुला कसं सांगायचं हे मला समजत नव्हतं. तू चव्वेचाळीस वर्षांची होतीस. हे काय जायचं वय होतं का गं? दादा रोज सकाळी चहाचे दोन कप भरतो आणि एक परत भांड्यात ओततो.

आता परवाचं. तेरवीचा स्वयंपाक मागच्या अंगणात चालला होता. आम्ही सात-आठ जणी परातीभोवती बसून सांबार निवडत होतो. कोथिंबिरीला कोथिंबीर म्हटलं की तू मला "शयरातली बाई" म्हणायचीस, म्हणून सांबारच लिहिते. कौसल्या माझ्या डाव्या हाताला येऊन बसली. तिचे केस पांढरे झाले आहेत. इतक्या वर्षांत मी तिच्याशी दोन शब्द धड बोलले नव्हते, वाट बदलत आले होते. तिनं काड्या मोडता मोडता, वर न पाहता म्हटलं, "तुले तो घडीवाल्याचा पिक्चर आठवते?"

मी जुडी परातीत ठेवली. मी म्हटलं, "कौसल्याबाई, त्या दिवशी मायं लय चुकलं. तुमाले माहीत नव्हतं, अन् मी..."

"मले माहीत होतं ना वं. पायला होता मी तो. लगीन झालं तवा यायनं नेलं होतं मले, अमरावतीले. तेवढा एकच पिक्चर पायला आमी दोघानं."

तीच पुढे बोलत राहिली.

"म्हनून तं म्हनलं होतं, तो सांग. तो मरते हे मले तुयापेक्षा चांगलं माहीत होतं. तुयी वैनी त्याले मरू देत नाई, हेबी माहीत होतं. ते त्याले कसं वाचवते, तेवढं आयकाचं होतं मले. कडी वाजली, अन् तू बोलली."

"मंग वैनीले नंतर इचारलं नाई?"

"इचारलं ना. दोन-तीन डाव गेली मी. तुयाघरी, चुलीपाशी. म्हनलं, आता तं कोनी नाई, आता सांग. तं म्हने, नाई जमत वं आता. नलूनं पायला हाय तो."

वैनी, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. तू मला शिव्या दिल्या नाहीस, दादाजवळ बोलली नाहीस, आणि पंधरा वर्षं ती कडी तशीच वाजत ठेवलीस. बाहेर कोण होतं? कोण धावत आलं होतं त्याच्यासाठी? तुझ्या डोक्यात तो माणूस तयार होता, मला खात्री आहे. माझ्या एका वाक्यानं तो बाहेरच राहिला, आणि आता तो कोण हे जगात कोणालाच माहीत नाही. माझं चुकलं, वैनी. सपशेल चुकलं. जे होतं तेच मी सांगितलं, पण तिथं ते कोणी मागितलंच नव्हतं.

मी डोळे पुसत होते. कौसल्या म्हणाली, "रडू नोको. सांग आता. तूच थांबोला होता ना, तूच सांग."

मी म्हटलं, मला येत नाही. तोवर परातीभोवतीच्या सगळ्याच गप्प झाल्या होत्या, त्यातल्या तीन तुझ्या टोळीतल्या. माझ्यावर कोणाची नजर नव्हती, हात चालू होते. मग मी सुरुवात केली. घाबरत घाबरत, पण सुरुवातीपासून. डोंगरातलं गाव, चौकातलं घड्याळ. दोन गोष्टी मागेपुढे झाल्या, मी दुरुस्त केल्या नाहीत. चोरीचा आळ आला, टोपी निघाली, दार बंद झालं, पेला समोर आला. कौसल्याचे हात थांबले.

मी म्हणाले, "त्यानं पेला उचलला. तेवढ्यात दाराची कडी वाजली. तो उठेच ना. मंग कडी अजून वाजली, लय जोरानं. उठला. दार उघडलं. तं दारात त्याची वैनी उभी."

त्या पिक्चरमध्ये घडीवाल्याला ना भाऊ, ना भावजय. अनाथ आहे तो. पण मला दुसरं कोणी सुचलंच नाही.

"वैनीनं पेला पायला, अन् उचलून भायेर फेकला. काहीच इचारलं नाई त्याले. म्हने, अगुदर जेवून घे. भाकर वाढली. ठेच्यावर तेल जरा जास्तच..."

सगळ्या वाट पाहत होत्या, आणि मला काही केल्या बोलता येईना. मग मी कसंबसं म्हटलं, "इथं गानं हाय."

सगळ्या गप्प बसल्या. आठ जणींच्या हातांत सांबाराच्या काड्या मोडत होत्या, तेवढाच आवाज. माझे हात थांबलेले पाहून कौसल्यानं आपल्या ढिगातली निवडलेली मूठ उचलली आणि वर न पाहता माझ्या ढिगात टाकली. थोड्या वेळानं उजवीकडून दुसरी मूठ आली.

बऱ्याच वेळानं कौसल्यानं हळूच विचारलं, "झालं का वं गानं?"

मी म्हटलं, "नाई, अजून हाय."